नकाराची मुदत

नकार आला तेव्हा चेतना डबा उघडत होती. भेंडीच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं, ओढणीच्या टोकात धरून ती ते फिरवत होती, आणि टेबलावर पालथा ठेवलेला फोन थरथरला. जेवताना फोन पालथा ठेवायची सवय तिने या आठवड्यातच लावून घेतली होती. सुलटा ठेवला की डोळे तिथून हलत नसत, घास कुठे गेला ते कळत नसे. तिने फोन उचलला. पासवर्ड सांभाळणाऱ्या त्या कंपनीची मेल होती. वर तिचं नाव आणि खाली एकच ओळ: प्रबुद्ध तायडे यांनी तुमची विनंती नाकारली आहे. त्याच्याही खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा नकार मुंबईतून नोंदवला गेला. चेतनाने ती ओळ वाचली, परत वाचली, आणि मग मनातल्या मनात म्हणायचं ते मोठ्यानेच म्हणाली, "नाही म्हणाला! अगं, नाही म्हणाला!"

समोर रश्मी बसली होती. रिपोर्ट काउंटरवर दोघींच्या खुर्च्या शेजारी-शेजारी. तिने पोळीचा तुकडा हातात तसाच धरला. "कोण नाही म्हणाला? स्थळ-बिळ आलं होतं का? बोलली नाहीस ती."

"प्रबुद्ध."

रश्मीचा हात खाली आला. चेतनाचा धाकटा भाऊ घरातून गेला त्याला नऊ महिने होत आले होते, हे अंधेरीतल्या त्या लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं. "फोन आला त्याचा? कुठे आहे?"

"फोन नाही गं आला. फक्त नकार आला," चेतना म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. असं रडू की नाकातून पाणी, ओढणीला भेंडीचं तेल, पलीकडच्या टेबलावर सॅम्पल घेणारी पोरं जेवायची थांबलेली. नाही म्हटलं म्हणून आनंदाने रडणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल. रश्मीने पाण्याची बाटली पुढे केली आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर चेतनाला सगळंच मुळापासून सांगावं लागलं असतं, आणि मुळाशी काय आहे हे तिलाच ठाऊक नव्हतं.

सरांना निरोप सांगून ती निघाली. जिना उतरता उतरताच तिने घरी फोन लावला. सोनूबाईने पहिल्याच रिंगला उचलला. हल्ली ती फोन कमरेला खोचूनच स्वयंपाक करायची. "आई, नाही म्हणाला तो," एवढंच चेतना बोलली. पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला, आणि मग सोनूबाई नवऱ्याला हाका मारायला लागली, "अहो! अहो, ऐकलं का? पोरगा नाही म्हणाला!" फोन चालूच राहिला. चेतना रिक्षा, पाणीपुरी, मोबाईलची कव्हरं यांतून वाट काढत मेट्रोच्या जिन्याकडे चालत होती आणि कानाशी आईचं घर ऐकत होती, पंखा, कुकर, शेजारच्यांचं दार. वडिलांचा आवाज मात्र आला नाही.

मेट्रोत बसायला जागा मिळाली. समोर काचेत आपलं तोंड दिसत होतं, ते तिला जरा परकं वाटलं. मुंबईतून, असं लिहिलं होतं. म्हणजे तो याच शहरात होता. नऊ महिने ती त्याला नागपूर, पुणे, सुरत, कुठल्या कुठल्या गाड्यांत आणि धर्मशाळांत बसवत होती, आणि तो इथेच, कदाचित गोरेगावच्या एखाद्या खोलीत, पंख्याखाली पडून होता. डब्यातल्या प्रत्येक पाठमोऱ्या पोराच्या मानेकडे ती बघू लागली. प्रबुद्धच्या मानेवर उजवीकडे भाजल्याचा डाग होता, लहानपणी तिच्याच हातून चहा सांडलेला. निळा शर्टवाला नव्हता. बॅगवाला नव्हता. केस वाढले असतील, म्हणजे डाग झाकला गेला असेल, हे तिच्या लक्षात आलं. केस कापून येतो, असं सांगूनच तर तो गेला होता.

तो मालाडच्या एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा. दहा-बारा माणसांची कंपनी आणि सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड, तोही ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला. मालकाला घाई असायची, त्याला वेगवेगळे पासवर्ड म्हणजे नसता ताप वाटायचा. मग कुणीतरी गिऱ्हाइकांची माहिती बाहेर विकली, आणि कॉम्प्युटरचं बघतो म्हणून मालकाने प्रबुद्धला केबिनमध्ये घेतलं. "जो पासवर्ड सगळ्यांना ठाऊक होता ना ताई, त्याचा जाब मला एकट्याला विचारला," बुटाची नाडी सोडता सोडता तो म्हणाला होता. एवढंच. मग हात धुऊन जेवायला बसला आणि वांग्याची भाजी दोनदा घेतली. भाजी दोनदा घेणाऱ्या माणसाची काळजी करायची नसते, असं घरात सगळ्यांना वाटलं.

त्यानंतर तो घराच्याच मागे लागला. आईचा पासवर्ड होता सोनू एक दोन तीन. वडिलांचा कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला. चेतनाचा सगळीकडे एकच, तोही लॅबचं नाव. "आपल्याकडे यायला चोराला चप्पलसुद्धा काढायला नको," तो म्हणाला, आणि एका रविवारी चौघांना हॉलमध्ये बसवून त्याने ती तिजोरी उघडली. त्या अॅपचं इंग्रजी नाव आईच्या जिभेवर बसेना म्हणून तिजोरी. प्रत्येकाचा आपापला बंद कप्पा, आणि चौघांचा मिळून एक, त्याचं नाव घर. त्या घरात लाईट बिल, गॅस, पप्पांची पेन्शन, सोसायटी, सगळं. आपण फक्त आपल्या कप्प्याची एक चावी लक्षात ठेवायची, एखादं लांबलचक वाक्य, जे दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. सोनूबाईने विचार करून वाक्य काढलं: माझ्या लग्नात पाऊस नव्हता तरी मांडव गळत होता. वाक्य झकास होतं. इतकं झकास की संध्याकाळपर्यंत तिने त्यामागची सगळी हकिगत अख्ख्या विंगला सांगून टाकली, कुणाच्या घागरी फुटल्या, नवरदेवाचा सदरा कसा भिजला. प्रबुद्धने कपाळावर हात मारला. "आई, तिजोरीची चावी तू बुद्धपौर्णिमेच्या खिरीसारखी वाटत फिरतेस!" त्या दिवशी चौघंही हसले होते. बाप शिवदास तायडे, वाशिमकडून येऊन चारकोपच्या प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर उभं राहण्यात ज्याचा जन्म गेला, तो सहसा आवाज करून हसत नसे; तोही हसला होता.

आणि मग तो दुसरा रविवार. चेतना गवार मोडत होती. प्रबुद्ध शेजारी येऊन बसला आणि मोबाईल पुढे करून म्हणाला, "ताई, हो कर इथे. तुझं नाव टाकलंय. उद्या मला काही झालं तर तू अर्ज करायचा. मला मेल येईल. त्या मेलमध्येच दोन बटणं असतात, हो आणि नाही. आठवडाभरात मी 'नाही' दाबलं नाही, तर माझा कप्पा तुला आपोआप उघडेल."

"तुला काय धाड भरलीय काही व्हायला?"

"तेच तर. म्हणून मी लगेच 'नाही' दाबणार. माझ्या भानगडी फुकट वाचायला नाही मिळायच्या तुला."

गवारीच्या ओल्या अंगठ्याने तिने हो दाबलं. अंगठा नीट उमटला नाही म्हणून परत दाबलं. त्याच आठवड्यात तो केस कापायला गेला. फोन चार्जिंगला लावलेला, पाकीट खिशात, पायात घरातल्या चपला. कोपऱ्यावरचा सलूनवाला म्हणाला, आलाच नाही. मग पोलीस, मग त्याच्याबरोबर काम करणारा मिथुन घरी आला आणि मान खाली घालून म्हणाला की प्रबुद्धची नोकरी तर दोन महिन्यांपूर्वीच गेली. दोन महिने तो रोज डबा घेऊन निघत होता आणि रिकामा डबा परत आणत होता. तो डबा कुठे बसून खात होता, हे चेतनाला कितीतरी वेळा विचारावंसं वाटे, आणि विचारायला कुणी नव्हतं. फोन पोलिसांनी नेला तो तिकडेच राहिला. मेलच्या कंपनीला पत्र टाकलंय, असं ते दरवेळी सांगत. शोकेसशेजारी त्याचा चार्जर मात्र अजून लटकत होता. सोनूबाई त्याला कुणाला हात लावू देत नसे.

सगळ्यात भयंकर गोष्ट चेतनाला नंतर कळली आणि तिने ती कुणाला सांगितली नाही. तो गेल्यावर लाईट बिल आलं. ते प्रबुद्धच भरायचा. तिने तिजोरीत घराचा कप्पा उघडला तर सगळं जागच्या जागी होतं, प्रत्येक गोष्टीपुढे त्याने साध्या मराठीत लिहून ठेवलं होतं की हे कसं भरायचं, कुणाला फोन करायचा, आईने काय दाबायचं नाही. गॅसवाल्याचा बदललेला नंबर त्याने जायच्या आदल्या दिवशी घातला होता. नऊ महिने घर सुरळीत चाललं होतं. एक दिवस अंधार झाला नाही, एक सिलेंडर चुकला नाही. माणूस उठून गेला आणि घराचं काहीएक अडलं नाही, इतकी चोख व्यवस्था कुणी सहज म्हणून लावत नाही.

अर्ज तिने नऊ महिने केला नव्हता. पोलिसांनी सुचवलं होतं, मिथुनने दोनदा आठवण केली होती. आत काहीतरी असेलच, एखादं तिकीट, एखादा पत्ता, कुणाशी केलेलं बोलणं. पण अर्ज केला की घड्याळ सुरू होणार होतं. आठवडा उलटून कप्पा उघडला तर त्याचा अर्थ एकच होता, नाही म्हणायला तिकडे कुणी नाही. विचारलंच नाही तर उत्तरही येणार नाही, या आधारावर ती दिवस काढत होती. मग मागच्या आठवड्यात चौकीतून बोलावणं आलं, खाडीत सापडलेल्या कुणाचा फोटो बघायला. तो प्रबुद्ध नव्हता. मान बघितली, डाग नव्हता. परत येताना रिक्षात सोनूबाई म्हणाली, "आता काय ते एक कळू दे गं. हे असं अर्धं नको." त्या रात्री जेवताना चेतनाने ताटावरच अर्ज केला आणि दोघांना नीट समजावून सांगितलं. 'नाही' आलं तर पोरगा आहे. काहीच आलं नाही, तर मग. शिवदासने भाकरी मोडायची थांबवली होती. "'नाही' कोण दाबतं? तोच दाबतो ना?" त्याने विचारलं. "त्याच्या मेलवर येतं पप्पा, मेल कुठल्याही फोनवरून उघडते. तोच दाबणार," ती म्हणाली.

मग रोज संध्याकाळी ती दारात चप्पल काढायच्या आत सोनूबाई विचारायची, "आलं का त्याचं नाही?" एवढ्या आशेने नकाराची वाट बघणारी आई चारकोपमध्ये दुसरी नसेल. आज शेवटचा दिवस होता. सकाळी निघताना सोनूबाईने काही विचारलं नव्हतं, फक्त डबा भरताना चेतनाला दोन पोळ्या जास्त दिल्या होत्या.

मालाड मागे पडलं. आणि आता, आनंदाचा पहिला लोंढा ओसरल्यावर, खालचं काहीतरी टोचायला लागलं. शेवटच्याच दिवशी का? मेल तर पहिल्याच दिवशी आली असणार. आठवडाभर त्याने ताईचं नाव बघितलं आणि गप्प राहिला? आम्ही इकडे मरत होतो हे त्याला कळत होतं ना? एक बटण दाबायला बोट आहे, मग दोन शब्द लिहायला नाही? बरा आहे, एवढं लिहिलं असतं तर हात झिजला असता? तिला असा संताप आला की तिने पर्सचा पट्टा मुठीत आवळला. लॅबमध्ये ती रोज लोकांच्या हातात बंद पाकिटं देते, तोंडावर काही दिसू न देता म्हणते, डॉक्टरांना दाखवा. आत काय आहे ते तिला माहीत असतं. तसंच तोंड करून तो तिकडे बसला असेल. आणि मग तिला जाणवलं की नऊ महिन्यांत ती त्याच्यावर एकदाही रागावली नव्हती. हिंमतच झाली नव्हती. जिवंत माणसावरच रागावता येतं, आणि आज आपल्याला ते करता येतंय, म्हणून ती मेट्रोत बसल्या बसल्या मनसोक्त रागावली, त्याला सगळ्या शिव्या दिल्या, आणि डहाणूकरवाडीला उतरताना तिचे पाय हलके झाले होते.

घराचं दार सताड उघडं होतं. आत साजूक तुपाचा वास. बुद्धाच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे दिवसाढवळ्या मेणबत्त्या लावलेल्या होत्या. शेजारच्या आयरीन आंटी शिऱ्याची वाटी घेऊन निघतच होत्या, त्यांनी चेतनाच्या गालाला हात लावला आणि गेल्या. सोनूबाई कढईपाशी उभी होती, तोंड घामाने डबडबलेलं, नवी साडी नेसलेली. "दाखव," ती म्हणाली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी ती त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिली. "यातलं 'नाही' कुठलं?" चेतनाने बोट ठेवून दाखवलं. सोनूबाईने त्यावर आपलं बोट फिरवलं, पडदा सरकला, ती दचकली. "पुसलं नाही ना गेलं?"

"नाही आई. आहे."

"मुंबईतच आहे म्हणालीस ना? बघ. मी म्हणत होते. लांब नाही जायचा तो, त्याला बाहेरचं पाणी सोसत नाही." तिने डोळे पुसले. "अकोल्याला मावशीला कळव की. माझ्या फोनचा रिचार्ज संपलाय सांगून सांगून. पप्पांच्या फोनवरून लाव, तुझ्यावरचं हे पुसलं जायला नको."

शिवदास गॅलरीत खुर्चीवर बसला होता, पाठ घराकडे. त्याचा फोन टीव्हीखाली पडलेला होता. तो फोन प्रबुद्धनेच घेऊन दिलेला, त्यानेच चालू करून दिलेला. त्याला पासवर्ड वगैरे नव्हता, शिवदासला जमत नसे. चेतनाने नंबर लावायला तो उचलला, आणि पडद्यावर दुपारची एक न वाचलेली पट्टी होती. तुम्ही चेतना तायडे यांची विनंती नाकारली आहे.

तिला आधी वाटलं, तिच्याच फोनवर आलेली मेल इकडेही आली. मग तिने परत वाचलं. तुम्ही, असं लिहिलं होतं. तिने पट्टीवर बोट ठेवलं. मेल उघडली, आणि वरच्या कोपऱ्यात लहानशा गोलात प्रबुद्धचा फोटो होता, कॉलेजचा, दात काढून हसणारा. त्याची मेल. अख्खी त्याची मेल वडिलांच्या फोनवर उघडी होती. फोन चालू करताना कुठलीतरी मेल टाकावी लागते. शिवदासला स्वतःची नव्हती. नंतर बदलू म्हणून प्रबुद्धने आपलीच टाकून दिली असणार. घरभर पासवर्डवरून सगळ्यांची हजेरी घेणारा प्रबुद्ध, बापाच्या बाबतीत विसरून गेला. आणि ती स्वतः, जिने या फोनवर व्हॉट्सअॅप बसवलं, गाणी भरून दिली, तिला नऊ महिन्यांत हे सुचलं नाही. मुंबईतून. म्हणजे इथून. या टीव्हीखालून.

ती गॅलरीत गेली आणि तिने दार मागे ओढून घेतलं.

शिवदासने तिच्या हातातला फोन बघितला. कपाळावरचा चष्मा काढून त्याने मांडीवर ठेवला. "आई ऐकेल," तो म्हणाला.

"पप्पा, कधीपासून?"

"तो गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत दिसलं. टिंग वाजायचं, मी बघायचो. आधी कळेना हे माझ्याकडं का येतंय. मग फोटो बघितला त्याचा." तो खालच्या रस्त्याकडे बघत बोलत होता. "रोज बघतो. सगळ्या जाहिराती गं. कुणी कर्ज देतंय, कुणी बूट विकतंय. नऊ महिन्यांत एका माणसानं त्याला लिहिलं नाही, कुठं आहेस म्हणून."

"मला का नाही सांगितलं? आपण पोलिसांना दिलं असतं. मी बघितलं असतं."

"तू बदललं असतंस काहीतरी. मग यायचं बंद झालं असतं." त्याने घसा साफ केला. "तेवढंच येत होतं त्याचं."

चेतनाला ओरडायचं होतं. आत काहीतरी आहे, कप्प्यात, आज रात्री तो उघडला असता, कुठे गेला ते कळलं असतं, तुम्ही दार लावून घेतलंत. ती हळू आवाजात म्हणाली, "आत पत्ता असेल पप्पा."

"आणि नसेल तर?"

लाईट बिलापुढे लिहिलेली ती साधी मराठी तिला दिसत होती, आईने काय दाबायचं नाही.

"मी आठवडाभर थांबलो," शिवदास म्हणाला. "तू सांगितलं होतंस, तोच दाबतो. मी म्हटलं, तो दाबेल. मी नुसता बघायचो, दाबलं का त्यानं. आज दुपारपर्यंत बघितलं. आज शेवटचा दिवस होता ना." मशीनवर आयुष्यभर चाललेली त्याची बोटं मांडीवरच्या चष्म्याची दांडी मिटत-उघडत होती. "सकाळी ती नवी साडी काढून ठेवत होती कपाटातून. मी विचारलं, कशाला. म्हणाली, काहीपण आलं तरी लोक येतील घरी. म्हणून दाबलं."

शेवटच्याच दिवशी का, या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. मेट्रोत ज्याला तिने पोटभर शिव्या दिल्या, तो तिथे नव्हताच. शेवटच्या दिवसापर्यंत कुणी नाही म्हटलं नव्हतं. ती कठड्याला टेकून उभी राहिली. खाली सेक्टरच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती, एक चेंडू गटाराकडे गेला, कुणीतरी त्याच्यामागे धावलं. एवढा रिकामा दिवस तिने कधी पाहिला नव्हता. बापावर रागवावं असं तिला वाटत होतं, पण मेट्रोत ती सगळा राग खर्च करून आली होती.

गॅलरीचं दार उघडलं. सोनूबाई दोन वाट्या घेऊन उभी होती. "काय कुजबुजताय? घ्या, गरम आहे." तिने एक नवऱ्याच्या हातात दिली, एक चेतनाच्या. तिचा चेहरा इतका मोकळा होता की चेतनाला तिच्याकडे बघवेना. "चेतना, मी काय म्हणते. परत विचार ना त्याला."

"परत?"

"तूच म्हणालीस ना, एकदा नाही म्हटलं तरी परत अर्ज करता येतो. मग कर. नाही म्हणू दे की. आपलं काय जातंय?" ती पदराने हात पुसत हसली. "तेवढंच बोलल्यासारखं होतं."

चेतनाने वडिलांकडे पाहिलं. शिवदास शिऱ्याच्या वाटीत बघत होता. आता सांगून टाकता आलं असतं. किंवा काही न सांगता अर्ज करून, वडिलांचा फोन आपल्याकडे ठेवून, आठवडा जाऊ देता आला असता. कप्पा उघडला असता, काय आहे ते कळलं असतं, हे अर्धं संपलं असतं. तिच्या एका हातात वाटी होती आणि दुसऱ्या हातात बापाचा फोन होता. सोनूबाई वाट बघत होती. चेतनाने तो फोन शिवदासच्या मांडीवर, चष्म्याशेजारी ठेवला, आणि खिशातून आपला काढला.

"करते," ती म्हणाली.

दोघी आत आल्या. हॉलमध्ये उभं राहून चेतनाने तिजोरी उघडली, भावाच्या नावावर बोट ठेवलं, विनंती पाठवा. गॅलरीत टिंग वाजलं. सोनूबाईने ते ऐकलं नाही. ती चेतनाच्या खांद्यावरून पडद्यावर डोळे लावून उभी होती, तिचा श्वास चेतनाच्या मानेला लागत होता. दाराच्या काचेतून चेतनाला वडील दिसत होते. त्यांनी वाटी खाली ठेवली. चष्मा लावला. फोन तोंडाजवळ धरून सगळी ओळ पहिल्यापासून वाचली, जणू या वेळी काहीतरी वेगळं लिहिलेलं असेल. मग बोट उचललं आणि ते बराच वेळ तसंच उचललेलं राहिलं. चेतनाच्या मनात आलं, नका दाबू. लगेच मनात आलं, दाबा.

तिच्या हातातला फोन थरथरला.

"आलं?" सोनूबाई म्हणाली. "काय म्हणतो?"

"नाही म्हणतो."

"लगेच?"

"लगेच."

"म्हणजे हातातच आहे फोन त्याच्या," सोनूबाई म्हणाली, आणि तिने दोन्ही हात तोंडावर धरले. मग हात खाली घेऊन, काहीतरी हिशेब करत, ती अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उद्या सकाळी विचार. सकाळी जरा मूड बरा असतो त्याचा."

शिवदास आत आला. दोघींकडे न बघता तो शोकेसपाशी गेला, लटकत असलेला प्रबुद्धचा चार्जर त्याने हातात घेतला आणि आपला फोन त्याला लावला. सोनूबाईने ते पाहिलं आणि लावू दिलं.